समोरच्या विंगेतलं स्टूल

नाटक संपलं की मांडववाला खुर्च्या नेतो, रंगवाला पेटी नेतो, भाड्याचे मुकुट दुकानात परत जातात. किस्से मात्र तिथेच पडून राहतात, ते कुणीतरी घरी न्यावे लागतात. आमच्या हैदराबादच्या हौशी मंडळात हे काम माझ्याकडे आलं, कारण मी प्रॉम्प्टर. नटाला स्वतःचं दिसतं, प्रेक्षकाला समोरचं दिसतं, विंगेतल्या प्रॉम्प्टरला सगळं दिसतं आणि त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही. ते का, ते पुढे सांगतो.

मंडळ म्हणजे दिवसा सरकारी चाकरी, वकिली नाहीतर मास्तरकी करणारे आणि संध्याकाळी जामबागेतल्या माझ्या शाळेच्या एका वर्गात बाकं भिंतीला लावून तालीम करणारे आम्ही लोक. नाना आमचे नायक, पेशाने वकील. गणूभाऊ आमची नायिका, महसूल कचेरीत कारकून. अंगाने चांगला भरलेला, पण आवाज असा की डोळे मिटले तर कुणीही फसावं.

आणि नानांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या वहिनी. तालमीला त्या कधी फिरकल्या नाहीत. "रोजची भांडणं ऐकायला घरचा माणूस पुरेसा आहे," म्हणायच्या. प्रयोगाला मात्र त्यांच्यावाचून पान हलत नसे, कारण गणूभाऊला नऊवारी नेसवणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. लुगडंही बहुतेक त्यांचंच असायचं. एकदा नेसवून झालं की माझ्या बरोबर समोरच्या विंगेत एका स्टुलावर त्या सुईदोरा घेऊन बसायच्या. पायाशी बहादूर.

* * *

बहादूर हे कुत्रं. वहिनी एकदा मलकपेठेहून टांग्याने परत येत होत्या. रेसकोर्सच्या बाजूला घोड्यांना भिऊन एक पिल्लू टांग्याखाली शिरलं आणि काही केल्या बाहेर येईना. टांगेवाला वैतागला. "अम्मा, ये नै हटता. तुमीच लेको जाव."

वहिनींनी उचलून ओटीत घेतलं. नाना त्या दिवशी खूप बोलले. वकिलाच्या घरी पक्षकार येतात, त्यांना चावलं तर काय, वगैरे. मग पिल्लाने पहिल्या पक्षकाराला पाहिलं आणि ते कपाटामागे जाऊन बसलं. नाना म्हणाले, "आपल्या संस्थानात ज्यांनी तलवार फक्त भिंतीवर पाहिली तेही बहादूर म्हणवतात. मग यानेच काय घोडं मारलंय?"

नाव तेच पडलं. बहादूर तबल्याला भ्यायचा, छत्रीला भ्यायचा, मांजराला तर फारच भ्यायचा. घरी एकटा ठेवला की रडून आळी गोळा करायचा. म्हणून प्रयोगाला यायचा. अख्ख्या मंडळात एकही प्रयोग न चुकवलेले दोघेच, तो आणि मी.

* * *

आता माझ्या दुःखाकडे येतो. नाना प्रयोगात विसरायचे.

तालमीत नाही. तालमीत सगळं पाणी. स्वतःचं तर पाठच, वर गणूभाऊ चुकला तर त्याचंही सांगायचे. पण प्रयोगात तिसऱ्या अंकात, चांगला हळवा प्रसंग रंगात आला की हमखास थांबायचे. आम्ही म्हणायचो, लोक बघून छाती दडपते.

अडलेल्या नटाने प्रॉम्प्टरकडे कान द्यावा, ही साधी रीत. मी इकडे गळ्याच्या शिरा ताणून वाक्य सांगतोय आणि नाना तोंड फिरवून समोरच्या विंगेत वहिनींकडे बघतायत! वहिनी शिवण थांबवून वर बघायच्या. सगळं शांत झालं म्हणजे आता काहीतरी खायला मिळणार असं बहादूरला का वाटायचं कोण जाणे, पण तो फळ्यांवर धपधप शेपटी आपटायचा. मग नाना पुढचं वाक्य अचूक म्हणायचे.

एकदा मी रागावून म्हटलं, "नाना, मी तिथे काय उदबत्तीसारखा उभा असतो?"

"मास्तर," नाना म्हणाले, "तुमचा आवाज फार चांगला आहे. पण तिचं मला लवकर ऐकू येतं."

* * *

नाटकाला कोतवालीची परवानगी लागायची, आणि आक्षेपार्ह काही बोललं जात नाही ना हे बघायला तिथले एक फौजदार, म्हणजे अमीनसाहेब, यायचे. त्यांना मराठीचं अक्षर कळत नसे, म्हणून त्यांची खुर्ची माझ्या विंगेत. एका कानाने नाटक, दुसऱ्या कानाने माझं भाषांतर.

तिसऱ्या अंकात नाना थांबले. अमीनसाहेब सावध झाले. "मास्टरसाब, वकीलसाब रुक कायकू गए?"

"भूल गए, साब."

"उनों?" अमीनसाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच काहीतरी लपवतोय असं मला वाटायला लागलं. "मैं अदालत में रोज देखतूं उनकू. कागद हात में नै लेते, पूरे मुकदमे की मिसल जबानी सुनाते. वो आदमी भूलता नै. कुछ छुपारै. बताव, क्या लिखे इधर?"

मी पुस्तकावर बोट ठेवून सांगितलं. नवरा बायकोला म्हणतो, तुझ्या हातच्या चहाची सर दुसऱ्या कशाला नाही.

अमीनसाहेबांनी बराच विचार केला. "इसमें छुपाने का क्या है?"

मी म्हटलं, "साब, मेरे कू भी नै मालूम."

* * *

गणूभाऊच्या मिशीचं एक वेगळंच होतं. वडील हयात असताना मुलाने मिशी काढायची नाही, असं त्याच्या घरी मानत. आणि नायिकेला मिशी चालत नाही. तेव्हा दर प्रयोगाच्या सकाळी तो वडिलांपुढे हात जोडून उभा राहायचा. वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "काढ. पण आज संध्याकाळपर्यंत मी मेलो असं समजून कुणी भेटायला आलं, तर चहा तू करायचास."

एकदा खरंच दोघं आले. वडिलांनीच दार उघडलं.

* * *

एका नाटकाचा शेवट शोकाचा होता. नायिका प्राण सोडते, नायक तिच्यावर पडून आक्रोश करतो, पडदा. गणूभाऊने प्राण सोडला. वहिनींचं लुगडं अंगावर, पदर फळ्यांवर पसरलेला. बहादूरला तो वास ओळखीचा. तो समोरच्या विंगेतून सावकाश चालत आला, पदरावर तीन गिरक्या घेतल्या आणि प्रेताच्या तोंडाशी शेपटी करून झोपला.

शेपटीचे केस नाकात गेले, आणि प्रेत शिंकलं.

सभागृहात हसण्याची पहिली लाट येणार, तेवढ्यात नाना ओरडले, "आहे! धुगधुगी आहे! वैद्यांना बोलवा! या मुक्या जनावराला कळलं ते मला कळलं नाही!" गणूभाऊनेही प्रसंग ओळखून डोळे उघडले. पडदा पडला. लोक डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. पाठ केलेलं विसरणारा माणूस न लिहिलेलं असं धडाधड बोलतो, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं.

पुढच्या प्रयोगाला बहादूरला विंगेत स्टुलाला बांधून ठेवला. नायिका रीतसर मेली. खेळ सुटल्यावर एक म्हातारे गृहस्थ मला दारात धरून भांडले. "मागच्या खेपेला जगली होती. आज का मारलीत?"

* * *

मग आमचीच वयं झाली. नाना नायकाचे बाप झाले, गणूभाऊ नायिकेची आई झाला. बहादूरचं तोंड पांढरं झालं. वहिनी आजारी पडल्या, आणि अंथरूण लांबत गेलं.

मी भेटायला जायचो. एकदा त्यांना जरा हुशारी वाटत होती, म्हणून मनातलं विचारून टाकलं. "वहिनी, तालमीला तुम्ही येत नाही, पुस्तक तुमच्याकडे नसतं. मग नानांची एवढी वाक्यं तुमच्या लक्षात तरी कशी राहतात?"

त्या हसल्या. "मला कुठलं काय पाठ, मास्तर? ते बघतात, मी नुसती मान हलवते."

मला वाटलं, आजारपणात माणूस काहीही बोलतं. मी औषधाची वेळ विचारली आणि विषय बदलला.

* * *

वहिनी गेल्या. नाना रडले नाहीत. कोर्टात जायचे, यायचे, आरामखुर्चीत बसायचे. आम्ही गेलो की नुसतं बसा म्हणायचे. मला तिथे बसवत नसे, आणि उठवतही नसे.

खाणं सोडलं ते बहादूरने. भाकरी, दूध, मटणवाल्याकडची हाडं, सगळं करून झालं. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी ठेवून पडायचा. नाना बघायचे आणि आपलंही ताट सरकवायचे. कुत्रं गेलं तर मागोमाग नानाही जातील, अशी भीती आम्हाला वाटायला लागली. तसं आम्ही एकमेकांत बोललोही.

एका दुपारी मी आणि गणूभाऊ गेलो, तर नाना आत पडले होते. गणूभाऊने इकडेतिकडे पाहिलं आणि दांडीवरचं वहिनींचं लुगडं काढलं. सदऱ्यावरूनच नेसला. मिशी तशीच. मग स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी दुधात कुस्करली आणि आपल्या त्या नायिकेच्या आवाजात म्हणाला, "बहादूर, ये बाळा."

बहादूरने मान उचलली. आला. पदर हुंगला, बराच वेळ हुंगला, आणि मग खायला लागला. गणूभाऊच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं.

पाठीमागे चाहूल लागली. नाना दारात उभे होते. गणूभाऊ तसाच थिजला. अपमान झाला म्हणतील, हाकलून देतील, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

नाना म्हणाले, "गणू, निऱ्या डावीकडे कशा? ती अशी नेसायची नाही."

मग खाली बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने निऱ्या सोडून पुन्हा घातल्या. ते तेव्हा रडले. बहादूर खातच होता.

* * *

वर्ष उलटलं तेव्हा आम्ही नाटक काढायचं ठरवलं. मुलगी सासरी जाते, असं घरगुती नाटक. बापाचं काम नानांचं. नाना नको म्हणाले. "आता मला वाक्य कोण सांगणार?"

मी म्हटलं, "मी काय मेलोय?"

"तसं नाही हो, मास्तर," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. आम्हाला नाटकाचं एवढं पडलं नव्हतं. नाना घराबाहेर पडावेत, एवढंच हवं होतं. गणूभाऊ रोज संध्याकाळी टांगा घेऊन दारात उभा राहायला लागला, तेव्हा एकदाचे आले.

तालमी चोख झाल्या. नाना एकदाही अडले नाहीत. तरीही मला प्रयोगाची धास्ती होती. लोकांसमोर नाना थांबले आणि सवयीने समोरच्या विंगेत पाहिलं तर? तिथे आता काय होतं? मी गणूभाऊला म्हटलं, ते स्टूल हलवू या. तो म्हणाला, "नक्को. बहादूर कुठे बसेल?" त्याने स्टूल जागच्या जागी ठेवलं, वर वहिनींच्या लुगड्याची घडी ठेवली. बहादूर स्टुलाखाली जाऊन पडला.

पहिले दोन अंक सुरळीत झाले. तिसऱ्या अंकात निरोपाचा प्रसंग आला. मुलगी वाकून पाया पडते, बाप तिला उठवतो आणि म्हणतो, "जा. पण अधूनमधून येत जा."

नानांनी मुलीला उठवलं आणि थांबले.

मी वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने सांगितलं की पहिल्या रांगेतल्यांनी माझ्या दिशेने पाहिलं. नानांनी पाठीमागे हात नेला आणि मला गप्प राहण्याची खूण केली. मग मान वळवून ते समोरच्या विंगेत बघत राहिले. सगळं सभागृह शांत होतं. त्या शांततेत स्टुलाखालून फळ्यांवर शेपटी वाजायला लागली. धप, धप.

"जा," नाना तिकडे बघत म्हणाले. "पण अधूनमधून येत जा."

खेळ सुटल्यावर आम्ही रंगपटात जमलो. नाना खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसत होते. बहादूर त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. लुगड्याच्या गाठी सोडता सोडता गणूभाऊला राहवलं नाही.

"नाना, जीव टांगणीला लागला होता आमचा. इतक्या तालमी झाल्या, एकदाही अडला नाहीत. मग आजच काय झालं?"

नानांनी फडकं बाजूला ठेवलं.

"तालमीला ती कधी यायची, गणू?"