वहिनींचे संगणक

मनापासून नावडत्या गोष्टीवर अख्खी नोकरी काढणारी माणसं पुष्कळ असतील. पण आमच्या थोरल्या वहिनींइतक्या इमानाने ती कुणी काढली असेल असं मला वाटत नाही. विद्यापीठातले सगळे संगणक त्यांच्या ताब्यात होते, प्राध्यापकांचे, कारकुनांचे आणि ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी ठेवलेलेही. मी त्याच ग्रंथालयात नोकरीला, शिवाय राहायला दादा-वहिनींकडेच. त्यामुळे त्यांचे सुस्कारे दोन्हीकडे माझ्या वाट्याला येत. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलं अमेरिकेला निघाली होती, आणि वहिनी मात्र बिबवेवाडीच्या घरात संगणक येऊ देत नव्हत्या. "दवाखान्यातल्या नर्सला कुणी घरी पेशंट आणून देतं का?" असं विचारायच्या. फोनवर कुलसचिव असोत की शिपाई, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बटण चालू आहे का?" बहुतेकदा ते नसायचंच. माउसमध्ये तेव्हा रबरी गोळी असे आणि विद्यार्थी ती खेळायला पळवत. म्हणून वहिनी संध्याकाळी सगळ्या गोळ्या काढून एका डब्यात घरी आणायच्या आणि सकाळी परत बसवायच्या. एकदा दादा घाईत तोच डबा ऑफिसात घेऊन गेला. दुपारी त्याचा फोन आला, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "चावू नका. मी येते."

मग एका वर्षी सगळे संगणक बदलायचं ठरलं. जुने भंगारात जाणार होते. ज्यांनी रोज आपल्या संगणकाला शिव्या घातल्या, त्यांनाच तो सोडवेना. वहिनी प्रत्येकाची समजूत घालून थकल्या. मराठी विभागातले निवृत्तीला आलेले एक सर मात्र हटून बसले नाहीत. त्यांनी वर्षानुवर्षं खपून बोलीभाषेतल्या शब्दांचा कोश टाइप केला होता, तोही जुन्या फॉन्टमध्ये. नव्या संगणकावर उघडला तर पडद्यावर नुसती गिचमिड. वहिनींनी बरीच खटपट केली, बुधवार पेठेतल्या संगणकाच्या दुकानदारांनाही विचारून पाहिलं, जमलं नाही.

"जाऊ द्या हो बाई," सर म्हणाले. "वाचणार तरी कोण होतं?"

भंगारवाला आला तेव्हा त्याच्याकडून रीतसर विकत घेऊन वहिनींनी सरांचा जुना संगणक रिक्षातून घरी आणला. जेवणाच्या टेबलावर जुना आणि नवा शेजारी शेजारी बसले आणि आम्ही ताटं घेऊन खाली बसू लागलो. सर रोज संध्याकाळी यायचे. जुन्या पडद्यावरचा शब्द ते वाचायचे, वहिनी नव्यावर टाइप करायच्या. मधेच एखाद्या शब्दाशी सर थांबत. तो कुठल्या गावी, कुणाच्या तोंडून ऐकला ते सांगत बसत. वहिनी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "सर, शब्द सांगा, गाव नको." आणि मग गावही टाइप करायच्या. सर गेले की मान दुखते, मनगट दुखतं, डोळे चुरचुरतात, ही गाऱ्हाणी मला ऐकवायच्या.

असं करता करता एके दिवशी 'ज्ञ'ही संपला. सरांनी चहा घेतला, वहिनींना नमस्कार केला आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरले.

वहिनींनी जुना संगणक बंद केला. मी म्हटलं, "सुटलात वहिनी एकदाच्या."

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. पडदा काळा होईपर्यंत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या सर यायचे नाहीत, नाही का भाऊजी?"