फ्लॉपीवरचं कुंकू

“कोरी आहे ही,” असं म्हणून सरांनी बटण दाबलं आणि माझ्या मुलीचं सबंध पावसाळ्याचं काम पुसून टाकलं. मशीन घरघरत होतं. मुलगी ओरडली, “सर, नको!” तोवर झालं होतं.

हा परळचा कॉम्प्युटर क्लास. मी आणि माझा नवरा तिच्या मागे उभे होतो. संपानंतर नवऱ्याची गिरणी उघडलीच नाही. मी दादरला एका डॉक्टरांकडे चपात्या करायची. त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर होता, परदेशी गेलेल्या मुलाचा. डॉक्टरांच्या बाई म्हणाल्या, “मावशी, धूळच खातोय, तुमच्या पोरीला बसू दे.” पोर बसली. तिने बाराखडीचा खेळ केला. पडद्यावर आंबा यायचा, आपण ‘आ’ दाबायचा, चुकलं की आंबा पडायचा. मी चौथी शिकलेली, मीच पहिली खेळले. क्लासचे सर तिला म्हणाले होते, “काहीतरी करून दाखव, शिकवायला ठेवतो.” घरात दुसरी कमाई येणार ती तिथूनच.

डॉक्टरांनी दसऱ्याच्या आधी मशीन विकलं. खेळ उरला तो एका काळ्या, लवचिक, चौकोनी फ्लॉपीत.

गिरणीत दसऱ्याला सगळे आपापलं मशीन पुसून, हार घालून पूजायचे. नवऱ्याने वर्षानुवर्षं पूजलं. आता काय पूजणार, कपाळ? तो म्हणाला, “यंदा हीच पूज गो. घरात हत्यार म्हणून एवढंच आसा.” मी फ्लॉपी पाटावर ठेवली आणि तिच्या कागदी पाकिटावर हळदकुंकू लावलं. पाकिटावर. आतल्या वस्तूला बोट लागू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या मशीनने ती वाचली नाही. सरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“काकू, ही काय देव्हाऱ्यातून आणलीत? आता नारळ फोडू का मशीनवर?”

बाकांवरची पोरं फिदीफिदी हसली.

“सर, कुंकू वरच्या कागदाला आहे,” मुलगी म्हणाली. “डॉक्टरांकडे चालत होती.”

“इथे चालत नाही ना? मग कुंकू आत गेलं, नाहीतर तू काही केलंच नव्हतंस.” आणि कोरी आहे म्हणून नव्याने आखून, म्हणजे फॉरमॅट करून घेतली. आमच्या डोळ्यांदेखत.

शिकवायला दुसरीच कोणी ठेवली. रस्त्यावर मुलगी मला म्हणाली, “कशाला लावलंस गं आई? प्रत्येक गोष्टीला काय तुझं कुंकू?” नवरा म्हणाला, “तिला नको बोलू. मी सांगितलं होतं.” मग तिने बापाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेली नाही. त्यानंतर त्याने दसऱ्याला काही पूजलं नाही. मी पाट मांडला की उठून गॅलरीत जायचा. मरेपर्यंत.

तो गेल्यावर काही वर्षांनी मुलगी ऑफिसातून आली आणि जेवताना हसत म्हणाली, “आई, ते कुंकवाने झालंच नव्हतं. ती दोन मशीनं वेगळी होती. एकाची फ्लॉपी दुसऱ्याला वाचताच यायची नाही. पुसायच्या आधी डॉक्टरांच्यासारख्या मशीनवर लावली असती तर खेळ तसाच दिसला असता.”

मी हसले नाही. एका गिरणीची सुताची बॉबिन दुसरीच्या चातीवर, त्या फिरत्या दांडीवर, बसली नाही, तर कोणी तिच्यावरचं सूत जाळत नाही. दुसरी चाती बघतात. सरांनी एवढंच म्हणायचं होतं, “मला कळत नाही, घेऊन जा परत.” तोंड झिजलं असतं का? पण समोर गिरणीवाला आणि चपात्या करणारी. चूक आमचीच असणार.

“हे बापाला सांगायला हवं होतं,” मी म्हणाले. तिचा घास हातातच राहिला.

त्या दिवशी क्लासात आम्ही तिघं गेलो होतो. आता मी आहे आणि मुलगी आहे.