जयवंतीच्या नाटकातलं लग्न

जयवंती सावे नाटकं लिहिते हे माकुणसारला तिच्या माहेरी कुणाला फारसं पटलं नव्हतं, आणि ती वारल्यांच्या बोलीत लिहिते म्हटल्यावर तर काहींनी कपाळाला हात लावला. बागायतदाराची मुलगी. बागेत कामाला येणाऱ्या वारली बायांच्या कडेवर बसून ती त्यांची बोली शिकली. त्यातल्या बायडीची तर ती फारच लाडकी. बायडी धवलेरी होती, म्हणजे वारल्यांकडे लग्न लावणारी बाई. तिथं भटजी नाही, मंगलाष्टका नाहीत. भिंतीवर पांढरा चौक लिहितात, त्याच्यापुढं बसून धवलेरी गाते, देवांना बोलावते आणि लग्न लागतं. जयवंतीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिनं जे करून ठेवलं, त्याची ही हकीकत.

लग्नानंतर ती बोईसरला आली. नवरा बळवंत कारखान्यात पाळीच्या कामावर, आणि ती बेटेगावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग घ्यायची. धडे ऐकून बाया जांभया द्यायच्या, म्हणून तिनं धड्यांची नाटकं केली. आधी मराठीत लिहायची, मग स्वतःच बोलीत आणायची. भाषांतराच्या बाबतीत ती हट्टी. एखादा शब्द खोटा वाटला की बायांना विचारत पाड्यावर फिरत राहायची आणि इकडे भात करपायचा. "तुझ्या नाटकातली माणसं तरी जेवतात, आमी काय करायचं?" असं बळवंत म्हणायचा, आणि स्वतःच चूल पेटवायचा.

त्र्याऐंशी साली तिनं जे नाटक लिहिलं त्यात एका मुलीचं मनाविरुद्ध लग्न ठरतं, आणि ऐन लग्नात ती उठते, "मला हा नवरा नको" म्हणते आणि चालू लागते. मराठी खर्ड्यात मंगलाष्टका होत्या. मराठी नाटकांत उठल्यासुटल्या लग्नं लागतात. पडदा पडला की नवरानवरी चहा पिऊन आपापल्या घरी जातात, कुणाला काही वाटत नाही. जयवंतीनं भाषांतरात मंगलाष्टका काढल्या आणि धवलेरी घातली. तीही सोंगाची नको, खरीच हवी. माकुणसारला जाऊन तिनं बायडीला गळ घातली.

"येईन," बायडी म्हणाली. "पन तालमीला नाय. गाना गायचा तवाच गायचा. उगा गायचा नसतो."

इथंच जयवंतीनं थांबायला हवं होतं. तिला वाटलं, म्हातारीला दोनदा यायचा कंटाळा आहे.

नवरीचं काम बेटेगावच्या नवसीकडे होतं. धीट बाई, आवाज खणखणीत. सुकाच्या घरात ती काही वर्षं नांदत होती, त्यांना चिमी नावाची मुलगी होती, लग्न मात्र लागलं नव्हतं. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. वारल्यांत जोडपं आधी संसार मांडतं, लग्न पुढं सवडीनं लागतं, कधी पोरं मोठी झाल्यावर. सुकाला बायकोचं नाटक आवडत नव्हतं. हा शेवटचा खेळ, असं त्यानं तिला बजावलं होतं.

नवरदेव होणार होता मंगळ्या, पण तो आयत्या वेळी वीटभट्टीवर निघून गेला. त्याच्या जागी बळवंतच्या खात्यातला विश्राम आला. केळव्याचा हा तरुण. वारल्यांची बोली त्याला धड कळत नव्हती. पण जयवंती पडद्यामागून सांगेल ते तो जसंच्या तसं ठणकावून म्हणायचा. अर्थ विचारण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

माघातली दुपार होती. शाळेचं अंगण भरलं होतं. बायडीनं सकाळीच येऊन, दोन सवाष्णींना हाताशी धरून, मागच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला होता. असा देखावा मुंबईच्या नाटकवाल्यांनाही जमायचा नाही, असं जयवंती बळवंतला दोनदा म्हणाली.

लग्नाचा प्रवेश आला. बायडी चौकापुढं बसली आणि गाऊ लागली. पहिल्याच ओळीला खिदळणाऱ्या बाया गप्प झाल्या. म्हाताऱ्यांनी विड्या विझवल्या. रंगलं, असं जयवंतीला वाटलं. मग बायडी एकेका देवाचं नाव घेऊन बोलावू लागली, आणि जयवंतीच्या ध्यानात आलं. हे नाटकातलं गाणं नव्हतं. बायडी लांबच्या गावची. नवसी कुणाच्या घरात नांदते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला बोलावलं, चौक होता, जोडपं बसलं होतं. ती लग्न लावत होती.

अंगणातल्या माना सुकाकडे वळल्या. तो उठून उभा राहिला, कडेवर चिमी. त्याच्यामागे त्याचे भाऊ उठले. नवसीची नजर चिमीवर होती. गाणं पुरं झालं की ती विश्रामची होणार. मग सुकाच्या घरात कुठल्या तोंडानं शिरणार, पोरीला कशी बघणार? आणि गाणं तोडायचीही सोय नव्हती. बोलावलेले देव तसेच उभे ठेवले तर साऱ्या पाड्याला भोवणार.

"पडदा पाडू?" दोरी धरून बळवंत कुजबुजला.

"देव काय तिकीट काढून आलेत, पडदा पडला की उठून जायला?" जयवंती म्हणाली.

गाण्यात एका ठिकाणी थांबून नवऱ्याला नाव विचारायची बायडीची रीत होती. ती थांबली. "कोण रं नवरा? कुना घरचा?"

विश्रामनं पडद्याकडे कान केला. वहीत पात्राचं नाव लिहिलं होतं. जयवंतीनं वही मिटली.

"मी नवरा नाय," तिनं सांगितलं.

"मी नवरा नाय," विश्राम ठणकावून म्हणाला.

"मी त्याची जागा धरून बसलोय. नवरा तो हाय. सुका, ये."

तेही त्यानं छाती पुढं काढून म्हटलं. बायडीनं डोळे उघडले. तिनं विश्रामकडे पाहिलं, सुकाकडे पाहिलं, त्याच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं.

"मग त्याला बसवा," ती म्हणाली. "देव उभे हायेत."

भावांनी सुकाला पुढं ढकललं. विश्राम उठून पडद्याआड आला आणि आपलं काही चुकलं का म्हणून विचारू लागला. सुका चिमीला मांडीवर घेऊन बसला, बायडी पुन्हा गाऊ लागली, आणि जयवंतीनं वही पुन्हा उघडली. वाचलो, असं तिला वाटलं.

वहीत पुढचं वाक्य नवसीचं होतं, "मला हा नवरा नको." नवसी पडद्याकडे बघत होती.

तेव्हा जयवंतीला आपलं काय चुकलं ते कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. मुलीला विचारल्याशिवाय तिचं लग्न लावू नये म्हणून तिनं अख्खं नाटक लिहिलं, आणि भर अंगणात नवसीला न विचारता तिचं लग्न लावायला घेतलं. आता वहीतलं वाक्य सांगितलं तर नवसीचं घर मोडणार. दुसरं काही सांगितलं तरी ते जयवंतीचंच वाक्य. ती ओठ मिटून बसली. नवसी बघत राहिली. मग तिनं मान फिरवली.

एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या आत ती म्हणाली, "आये, जरा थांब."

बायडी थांबली.

"सुका, मी तुझ्याच घरात राहीन. पन नाटकाला जाईन. हा शेवटचा खेळ नाय. हां म्हन, सगळ्यांम्होरं म्हन. नायतर मी उठतंय."

सुकानं मान खाली घातली. नवसीनं एक हात जमिनीवर टेकला, उठायला टेकतात तसा.

"बोल रं," बायडी म्हणाली. "देवांना किती उभं ठेवशील?"

"जा," सुका म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "जा नाटकाला. चिमीला मी बघंन."

बायडीनं गाणं पुरं केलं. नाटक तिथंच संपलं, शेवट झालाच नाही, आणि कुणी तो मागितलाही नाही.

पुढं नव्वदनंतरही जयवंती लिहीत राहिली, भाषांतरं करत राहिली. तिच्या बहुतेक नाटकांत नवसी असायची. हे नाटक मात्र तिनं पुन्हा कधी केलं नाही. बळवंतनं एकदा कारण विचारलं.

"त्यातल्या नवरीला मी नुसतं उठून जायला शिकवलं होतं. बसून आपलं मागायचं मला सुचलंच नव्हतं," जयवंती म्हणाली.