कपाळ, मग छाती

नागपूरच्या वसतिगृहात मी पहिली गोष्ट शिकले ती वेगळं न दिसण्याची. शाळा नन्सची होती. बाबा ज्या जंगल-अधिकाऱ्याकडे शिपाई होते, त्यांच्या पत्नीनं चिठ्ठी दिली म्हणून मला तिथे जागा मिळाली. रोज सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना असे. ख्रिस्ती नसलेल्या मुलींनी मागच्या बाकावर नुसतं बसलं तरी चालेल, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. पण नुसत्या बसलेल्या मुली सगळ्यांना दिसत. म्हणून मी गुडघे टेकायला लागले. पुढच्या मुलीकडे बघून बोटांत बोटं गुंफायची, डोळे मिटायचे, आणि प्रार्थना संपली की उजवा हात कपाळाला, छातीला, मग दोन्ही खांद्यांना लावायचा. दोन वर्षांत हात हे सगळं मला न विचारता करू लागला. त्यात श्रद्धा नव्हती. वेणीला रिबीन बांधण्यात जेवढी असते तेवढीच.

आमचं घर बाभुळगावजवळच्या एका खेड्यात. सुट्टीत गेले की मला कुठे बसवावं हे तिथे कोणाला कळत नसे. बायकांत जाऊन बसले तर त्यांचं बोलणं थांबे. आईच्या मागे मला आत्यानं वाढवलं. ती पाहुण्यांना सांगायची, "आमची पोरगी झोपतेबी इंग्रजीत." मी काहीच बोलत नसे, त्यामुळे ते खरं मानलं जाई.

छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली बहुतेक माणसं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. मी अकरा वर्षांची होते. त्याच शहरात होते, पण शाळेच्या फाटकाच्या आत. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा देव गेले होते. त्यांच्या कोनाड्यात आत्यानं कंगवा आणि आगपेटी ठेवली होती. "जागा कायले वाया घालाची," ती म्हणाली.

काय सोडायचं ते सगळ्यांना पाठ झालं होतं. काय करायचं ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. आमची माणसं मैदानात इतकी मागे उभी होती की त्यांना लाउडस्पीकर ऐकू आला आणि पुढच्यांच्या पाठी दिसल्या. त्यात कापूस वेचणीचे दिवस. शेतमालकीण रोज बांधावर येऊन आत्याला विचारी.

"काय वं, आता तुमचा देव कोणता?"

"देव नाईच आता."

"मंग पूजा कोणाची करता?"

"पूजा नाई करत. वंदना करतो."

"ते कशी असते?"

आत्या पुढच्या झाडाकडे सरकली. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "ते बाई उद्या पुन्हा इचारन."

वस्तीत शिवणकाम करणारे एक काका होते. त्यांनी नागपूरहून वंदनेचं छोटं पुस्तक आणलं होतं. रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात सगळे जमले. काका एकेक अक्षर लावून वाचत. पाली कोणालाच येत नव्हती, त्यामुळे ओळीचा शेवट येईपर्यंत सुरुवात हातची जाई. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "पोरीले वाचू द्या ना. नागपूरले ठेवली कायले मंग?"

काकांनी पुस्तक माझ्या हातात दिलं नाही. नवं होतं, मळलं असतं. ते माझ्यासमोर धरून उभे राहिले. पहिल्या पानावर एवढंच लिहिलं होतं की गुडघे टेकून वंदना करावी. गुडघे कसे टेकतात हे बघायला सगळे माझ्याकडे वळले.

मला जे येत होतं ते मी केलं. पाठ ताठ, बोटांत बोटं, मान खाली. मी एक ओळ म्हणे, ते माझ्यामागून म्हणत. शेवटची ओळ आधी नजरेनं वाचून घेतली आणि डोळे मिटून म्हटली, कारण शेवट तसाच असतो. मग उजवा हात उठला, कपाळाला लागला, छातीवर आला. तिथे मला मी कुठे आहे ते आठवलं. डोळे उघडले. अंगणात पन्नास-साठ माणसं गुडघ्यांवर होती आणि प्रत्येकाचा उजवा हात छातीवर होता.

कोणीतरी काहीतरी बोलणं भाग होतं. काका बोलले. "पहिले डोक्यात घ्याचं, मंग काळजात," त्यांनी सगळ्यांना समजावलं, आणि मला विचारलं, "बरोबर हाय ना वं?"

मी मान हलवली.

एखादी गोष्ट बरोबर आहे का, असं त्या वस्तीत मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्या दुपारी बायकांनी सतरंजीवर सरकून मला जागा केली आणि बोलणं चालूच ठेवलं.

आत्यानं शेतात मालकिणीला वंदना करून दाखवली. मालकीण म्हणाली, "बरी दिसते." आत्याला तेवढं पुरलं. काका बाजाराच्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून नेत. सोयऱ्यांच्या तीन गावांना त्यांनी कपाळ आणि छाती शिकवली, अर्थासकट. दर सुट्टीत मी ठरवून यायची की या वेळी सांगायचं. दर सुट्टीत सतरंजीवर जागा व्हायची, आणि मी बसायची.

सहा वर्षं गेली. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन आले त्या उन्हाळ्यात निरोप आला की नागपूरहून भंतेजी येणार. त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी मी आत्याला सगळं सांगितलं. ती जवारीचं पीठ चाळत होती.

"म्हंजे ते येशूचं होय?"

"अर्धं."

"अन् बाकीचं अर्धं?"

"ते मी थांबवलं."

तिनं चाळणी आपटली, कोंडा काढला. "काकाले सांगू नको," ती म्हणाली. "त्यायनं लई मोठा अर्थ लावला हाय."

भंतेजी तरुण होते, हळू बोलणारे. वस्ती सारवून तयार होती. गावातली दोन-चार माणसंही बघायला येऊन कडेला उभी होती. वंदना संपली आणि साऱ्या वस्तीनं एकदम कपाळाला आणि छातीला हात लावला. भंतेजी थांबले.

"हे काय आहे?"

काकांनी अर्थ सांगितला. आवाजात संकोच नव्हता.

"पुस्तकात कुठे दिलंय?"

"हाय ना," काका म्हणाले आणि शोधू लागले. पुस्तक आता जुनं झालं होतं. फाटलेली पानं त्यांनी खळीनं चिकटवली होती, वर अस्तराच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. ते एकेक पान बोटानं वाचत गेले. शेवटच्या पानापर्यंत पोचले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. त्यांना खरंच वाटत होतं की ते तिथे आहे.

"पुस्तकात नाही ते," मी म्हणाले. "ते माझ्याकडून झालं. नन्सच्या शाळेत प्रार्थनेनंतर करतात. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

माझ्या आठवणीत मी वस्तीसमोर बोललेली ही सर्वांत लांब गोष्ट.

मागून एकाचा आवाज आला, "म्हंजे सहा वर्षं आपुन किरिस्ताव होतो का?"

"अर्धे," आत्या म्हणाली.

लोक हसले. कडेला उभे असलेलेही हसले. काका हसले नाहीत. भंतेजींनी हात कसे जोडायचे ते दाखवलं, तीनदा वाकून कपाळ जमिनीला टेकवून दाखवलं. मग काकांना म्हणाले, "अर्थ चांगला लावला होता तुम्ही." काकांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सगळ्यांच्या मागे, कुंपणाला लागून बसले. नुसतं बसायचं, असं ठरवून आले होते. पुढे सगळे जमले, हात जोडले, आणि कोणी काही म्हणेना.

"मॅडम," काका म्हणाले, "तिथं काहून बसली?"

ते माणसांतून वाट काढत आले आणि त्यांनी पुस्तक माझ्यासमोर केलं. मी उभी राहिले, ते धरतील म्हणून थांबले. त्यांनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

"वाच," ते म्हणाले. "अन् दोनी हातानं धर."

मी दोन्ही हातांनी धरलं.