कोरसमधले पप्पा

परवा रविवारी आईचा मिक्सर दुरुस्तीला टाकायला कल्याणला गेलेले... आणि मिक्सर राहिला बाजूलाच.

मी तीन वर्षांची असताना पप्पा गेले. फोटो आहेत, पण त्यांचा आवाज मला अजिबात आठवत नाही. शहाडच्या आमच्या चाळीत एक गायन पार्टी होती, पप्पा तिच्यात कोरसला. पार्टीने भीमगीतांची एकच कॅसेट काढलेली. आमच्याकडची कधीच टेपमध्ये अडकून तुटली.

कॉलेजात असताना ठाण्याच्या एका मॉलमधल्या मोठ्या म्युझिक स्टोअरमध्ये विचारलेलं. आम्ही मैत्रिणी तिथे एसीत, फुकटात हेडफोन लावून पडीक असायचो, खोटं कशाला बोलू! पण सेल्समनने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ऐसा कुछ है ही नहीं." आता ते स्टोअरच नाही... तिथे बूट मिळतात.

तर परवा मिक्सरवाल्याच्या शेजारी कॅसेट-सीडीचं एक जुनं दुकान चक्क उघडं दिसलं. आत सत्तरीचे एक काका स्पीकरची वायर जोडत बसलेले. मी पार्टीचं नाव सांगितलं, त्यांना काही आठवेना. मग म्हणाले, "नावाचं सोडा हो ताई. राहायला कुठे होतात?"

त्यांनी लोकल पार्ट्यांच्या कॅसेट गायकाप्रमाणे लावलेल्याच नाहीत... वस्तीप्रमाणे लावल्यात! "लोक येऊन 'आमच्या चाळीतली द्या' असंच म्हणायचे ना." 'शहाड' लिहिलेल्या खोक्यातून दोन मिनिटांत कॅसेट माझ्या हातात.

काकांनी ती मोबाइलमध्ये भरून दिली. दोन्ही बाजू वाजून संपेपर्यंत चहा पाजला. अशी दुकानं राहू देत रे बाबांनो, जाऊन काहीतरी घ्या तिथून, निदान एखादी वायर तरी!

पण कोरसला सहा जण... त्यातले पप्पा कोणते? मला काही केल्या कळेना.

घरी येऊन आईला लावून दिलं. ती डोळे मिटून ऐकत होती, चेहरा एकदम कोरा. हिलाही नाही ओळखू आले तर?

पहिलं गाणं संपलं. सगळे थांबले, आणि मागे एकच आवाज तान ओढत राहिला...

आई खुदकन हसली. मोबाइलकडे बघून म्हणाली, "अहो, संपलं गाणं! थांबा आता!"

ते शेवटचे दोन सेकंद मी तेव्हापासून किती वेळा ऐकले, विचारू नका. माझ्या पप्पांचा आवाज असा होता.