सुदाम पेंटरांची उडालेली अक्षरं

समोरच्यानं नाव सांगितलं की सुदाम पेंटर ते आधी हवेत बोटानं लिहून पाहत, मगच ‘बस’ म्हणत. माझं नाव ऋतुजा. पहिल्या भेटीत ते हवेतच अडकले आणि म्हणाले, "लई अवघड नाव ठेवलंय बापानं. दुकान काढू नको, बोर्डाला टाइम लागंल."

युसूफ वडगाव या गावच्या बाजारातले निम्मे पत्र्याचे बोर्ड सुदामकाकांच्या हातचे. जाड, पोटात फुगलेली अक्षरं. फ्लेक्स आले, काम आटलं, पण काकांचा तोरा तसूभर उतरला नाही. फ्लेक्सला ते चादर म्हणत.

मी पुण्यात अक्षरं घडवते. माझ्या नावावर निघणारा पहिला फॉन्ट मला काकांच्या अक्षरांवरून करायचा होता, तोही जुनाट, रंग उडालेला. असली अक्षरं हल्ली चहाच्या दुकानांवर, मसाल्याच्या पाकिटांवर हौसेनं लावतात. काकांना फोनवर एवढंच सांगितलं, की रविवारी तुमच्या बोर्डांचे फोटो काढायला येते. चूक माझीच.

रविवारी पोचले तर बाजार चकाकत होता. आठवडाभर शिडी घेऊन फिरून काकांनी बियाण्याच्या दुकानापासून सायकलवाल्यापर्यंत सगळे बोर्ड नव्यानं रंगवले होते. स्वतः इस्त्रीचा सदरा घालून उभे. मला रडूच आलं. मला काय हवं होतं ते कळल्यावर काका चिडले. "पाव्हणे येणार म्हणल्यावर घर सारवतेत का उकरून ठेवतेत?"

मग ओशाळले. मला घरी घेऊन गेले. दारावरच्या बोर्डावर पोतं टाकलेलं होतं. ते त्यांनी मान वळवून काढलं. पोपडे निघालेलं, गंजलेलं ‘सुदाम पेंटर’. गावाचं रंगवता रंगवता स्वतःचं राहून गेलं होतं. कुणाला सांगू नको म्हणाले. मी सांगतेच आहे, काय करू.

त्या बोर्डावरची सहा अक्षरं घेतली. बाकीच्यांचं वळण नव्या बोर्डांवरून उचललं आणि ओरखडे संगणकावर पाडले. महिन्यानं छापील तक्ता काकांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि नेमक्या त्या सहा अक्षरांवर बोट ठेवलं. "ही उनापावसानं खाल्लेली हायेत. बाकीची तू खरवडलीस. पाणी खाली थांबतं, रंग तिथून जातो. गंज खिळ्यापासून निघतो. तू कुठंबी ओरबाडलंस."

मला लाज वाटली. तीन दिवस त्यांच्या शेजारी बसून एकेक अक्षर पुन्हा केलं. कुठला रंग आधी उडेल ते काका सांगत, मी पुसत जाई. इतकं मन लावून मी काही शिकले नव्हते.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. त्याआधी फॉन्टला त्यांचं नाव देऊ का, असं विचारलं होतं.

"दे," म्हणाले. "पण माझं नाव लिहिशील तवा तेवढं नवंकोरं लिही."

तेवढं मी ऐकलं.