जावकबाई आणि मंजूची खुर्ची

जावकबाईंना निवांत बसलेलं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. कुणाकडे गेल्या की खुर्ची पुढे करा, चटई टाका, त्या आपल्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. "बसते की, घाई काय हाय," असं म्हणत तासभर उभ्या राहायच्या आणि चहाचा शेवटचा घोट संपायच्या आत निघायच्या. मागे रिकामा कप चौकटीपाशी.

तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी एकाच टेबलावर काढली. आलेल्या कागदाला आवक नंबर, गेलेल्या कागदाला जावक नंबर. म्हणून जावकबाई. त्यांचं खरं नाव गावात निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. पण अर्ज करायचा म्हटलं की खालापूरपासून कर्जतपर्यंतची माणसं त्यांचं घर विचारत यायची. दुसऱ्यांच्या तक्रारी इतकी वर्षं हाताळल्यामुळे कुठल्या कागदाला उत्तर मिळतं आणि कुठला कपाटात जातो, हे त्यांना वास घेऊन कळायचं.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती मंजूच्या खुर्चीमुळे. मंजू माझी धाकटी बहीण. लहानपणापासून पायांत जोर नाही. नाक्यावर तिचं शिलाईचं दुकान आहे. घरापासून दुकानापर्यंत ती आपल्या चाकाच्या खुर्चीतून एकटी जायची. ती खुर्ची पुण्याच्या एका कारखान्यात तिच्या मापाने बनवलेली. बैठक अरुंद, डावी पायटेक उजवीपेक्षा उंच. दुसऱ्या कुठल्या खुर्चीत ती दहा मिनिटंही सरळ बसू शकत नाही.

आत्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघी नागपूरला गेलो. येताना विमानाने आलो, आयुष्यात पहिल्यांदा. मुंबईला उतरलो आणि सामानाच्या पट्ट्यावरून खुर्ची आली ती मोडूनच. उजवं चाक वाकडं, डावी पायटेक तुटून लोंबणारी. मी विमान कंपनीच्या माणसाशी कडाकडा भांडले. तो म्हणाला, "मॅडम, घरी जा, मेल करा." मी रागाच्या भरात मंजूला पाठीवर घेतलं आणि टॅक्सीत बसवलं. घरी आल्यावर चार दिवसांत तीन मेल लिहिले. बेजबाबदार, निर्दयी, माणुसकीशून्य, सुचतील ते सगळे शब्द वापरले. तिन्हींना एकच उत्तर आलं, आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. मंजू खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत राहायची. द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचा आवाज दिवसभर यायचा आणि माझा घरात पाय ठरेना.

चौथ्या दिवशी आईच जावकबाईंना घेऊन आली.

"तिथं कागद केला का? नुकसान झालं म्हून लिवून घेतलं?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"नाही."

"मंग भांडलीस कशापायी? तेवढ्या वेळात कागद झाला आसता." आणि मी खुर्चीच्या दांड्यावरची कंपनीची चिठ्ठी फाडायला हात घातला तशा त्या ओरडल्या, "हात नको लावू तिला! तीच तुजी साक्षीदार हाय."

मंजूने पट्ट्यावरच खुर्चीचा फोटो काढला होता. ते ऐकून बाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "ही शहाणी हाय. तुज्यासारखी नाय," म्हणाल्या. मग तिकिटाच्या अटी मंजूला मोबाइलवर वाचायला लावल्या. इंग्रजी ती वाचायची, मराठीत सांगायची, बाई ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत ऐकायच्या. नुकसान कळवायची मुदत थोड्याच दिवसांची होती. बाई जागीच थांबल्या. "म्हंजे तीन दीस ऱ्हायले. तुजे ते मेल धरतील का नाय, देव जाणे. त्यात विमानाचा नंबर तरी हाय का?"

नव्हता. रागात लिहायचा राहून गेला होता.

"मंजू, तुला काय पायजे गं?"

"माझी खुर्ची. दुसरी नको. होती तशी."

"आन् ती येईपत्तूर?"

"बसता येईल अशी एखादी."

"झालं. एवढंच लिवायचं."

मी लिहायचे, बाई खोडायच्या. 'अत्यंत संतापजनक' खोडलं. 'लाज वाटायला हवी' खोडलं. "अगं, शिव्या वाचल्या की वाचणारा शिव्यांनाच उत्तर देतो. तुजं काम ऱ्हातं बाजूला." शेवटी एक पान उरलं. कुठलं विमान, कुठली तारीख, खुर्ची कुणाच्या ताब्यात दिली, कशी परत मिळाली, चिठ्ठीचा नंबर, फोटो, ही खुर्ची मापाची का आहे, काय हवं आहे आणि उत्तर कुठल्या तारखेपर्यंत हवं. मंजूने त्याचं इंग्रजी केलं. मेल केला आणि तेच पत्र खालापूरच्या पोस्टातून रजिस्टरही केलं. पावती बाईंनी माझ्या हातात दिली नाही. मंजूच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "बाई, निवृत्त झालात, आता लोकांचे कागद घेऊन कशाला धावता?"

त्या अंगणात फेऱ्या घालत होत्या. "डोंगराकडची एक बाय आली हुती. वढ्यावरचा साकव मोडलाय, पोरं पान्यातनं शाळंला जातात, आसा अर्ज. मी नंबर टाकला, टेबलावर पाठवला. ती तीन येळा आली. तिन्ही येळा मी म्हनले, पाठवलाय. खोटं नव्हतं त्ये. पन उठून त्या टेबलापत्तूर गेले नाय. दहा पावलं हुती गं. चौथ्यांदा ती आलीच नाय." फाटकापाशी वळून म्हणाल्या, "का आली नाय, त्ये पन मी इचारलं नाय."

दिलेली तारीख टळली. बाईंनी लगेच कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याला दुसरं पत्र पाठवायला लावलं, पहिलं पत्र सोबत जोडून. पुढे सरकारच्या कुठल्या खात्याकडे जायचं तेही त्यांनी शोधून ठेवलं होतं. मग एका दुपारी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. साधी नवी खुर्ची देतो, वर एका प्रवासाचं तिकीट फुकट, चालेल का? दोन महिने होत आले होते. मंजूच्या दुकानाचं शटर गंजायला लागलं होतं. माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं. तेवढ्यात मंजूने माझ्या हातातून फोन घेतला.

"ताई, साध्या खुर्चीत मला बसता येत नाही. पत्रात लिहिलंय. माझीच दुरुस्त करून द्या. आणि काय करणार ते लिहून पाठवा." आवाज जराही चढला नाही.

आठवड्याने खुर्ची कंपनीच्या गाडीतून पुण्याच्या कारखान्यात गेली आणि त्याच मापाची होऊन परत आली. मंजू तिच्यात बसली, दोनदा मागेपुढे केली आणि एकटी नाक्याकडे निघून गेली. मी आणि आई फाटकात उभ्या राहून रडत होतो.

बाई आल्या, आम्हाला रडताना बघून वैतागल्या. "कंपनीला लिवलं का, मिळाली म्हून?"

"त्यांना कशाला? दोन महिने छळलं त्यांनी."

"छळलं त्ये येगळं. पन तिथं बी कुनीतरी टेबलावर बसलेली आसल. ती उठली म्हनून खुर्ची आली. तिला कळाया नको?"

मी लिहिलं. दोन ओळी. त्याचं मात्र उत्तर आलं, आणि खाली एका मुलीचं नाव होतं.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे गेले. मुलगा त्यांना बडोद्याला घेऊन जायला आला. कर्जत स्टेशनवर सोडायला आम्ही दोघी गेलो. गाडीला वेळ होता. बाई फलाटावर काठी टेकत इकडून तिकडे, मुलगा मागून "आई, पडशील" म्हणत. मंजूने विचारलं, "बाई, करमेल का हो तिथं?"

"नाय करमायचं," बाई म्हणाल्या. मग मंजूच्या खांद्यावर हात ठेवून थोडं हसल्या. "पन त्ये कुनाला लिवायचं गं?"

गाडी आली. मुलाने आत जागा धरली, पण बाई डब्याच्या दाराला टेकून उभ्याच राहिल्या.